मास्टर, द

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेतील प्रमुख खलनायक. ही विज्ञानकल्पनामालिका बीबीसीने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू केली. कालप्रवास करणारा ‘डॉक्टर’ हा तिचा नायक. डॅलेक, सायबरमन यांसारखे यंत्रवत शत्रू तिच्यात लवकरच आले. तथापि बुद्धीने व विद्येने नायकाच्या तोडीचा असा नित्याचा प्रतिस्पर्धी तिला लाभला नव्हता. निर्माता बॅरी लेट्स आणि पटकथा-संपादक टेरन्स डिक्स यांनी ही उणीव हेरली. शेरलॉक होम्सला जसा मॉरिआर्टी, तसा डॉक्टरला मास्टर, ही त्यांची मूळ कल्पना. नावही सहेतुक आहे : ‘डॉक्टर’प्रमाणेच ‘मास्टर’ ही विद्यापीठीय पदवी होय, मात्र तिच्यात धनीपणाचाही अर्थ आहे.

रॉबर्ट होम्सलिखित ‘टेरर ऑफ द ऑटन्स’ (जानेवारी १९७१) या कथेत मास्टर प्रथम अवतरला. त्याची भूमिका रॉजर देलगादो (१९१८–७३) याने केली. स्पॅनिश वडील व बेल्जियन आई यांच्या पोटी लंडनमध्ये जन्मलेल्या या नटाच्या वाट्याला बहुधा परकीय खलपुरुषांच्याच भूमिका येत. कोरलेली दाढी, त्या काळी ‘नेहरू जाकीट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या धर्तीचा बंद गळ्याचा काळा पोशाख आणि संथ, मृदू बोलणे यांतून त्याने मास्टर उभा केला. हा मास्टर संमोहनाने माणसे वश करतो, शस्त्राने त्यांना बाहुलीएवढे आकुंचित करून ठार मारतो. पण शिष्टाचार सोडत नाही. ‘कॉलनी इन स्पेस’मध्ये (१९७१) तो डॉक्टरला विश्वाच्या राज्यात भागीदारी देऊ करतो. ‘द सी डेव्हिल्स’मध्ये (१९७२) बंदिवासातल्या मास्टरची डॉक्टर विचारपूस करतो, कोठडीत हा विश्वविजिगीषू मुलांचा बाहुल्यांचा कार्यक्रम रंगून पाहतो. वैरामागचा हा जुना स्नेह हेच भूमिकेचे खरे मर्म होय. १९७१ च्या पाचही कथांत मास्टर योजण्यात मात्र अतिरेक झाला. प्रत्येक कारस्थानामागे तोच असणार, हे प्रेक्षक आधीच ओळखू लागले.

मालिकेत आपण कायमचे गुंतलो आहोत अशा समजुतीमुळे इतर कामे हुकतात, हे देलगादोच्या ध्यानी आले होते. म्हणून मास्टरचा शेवट घडविणारी कथा योजण्यात आली. तीत त्याच्या मृत्यूने डॉक्टरचे प्राण वाचणार होते; ते बुद्ध्या की अपघाताने, हे संदिग्ध राहणार होते. परंतु १८ जून १९७३ रोजी तुर्कस्तानात चित्रीकरणासाठी गेला असता देलगादो मोटार-अपघातात मृत्यू पावला आणि ती कथा बारगळली. ‘फ्रंटियर इन स्पेस’च्या (१९७३) शेवटच्या गोंधळात दिसेनासा होणारा मास्टर, एवढाच त्याचा निरोप ठरला. डॉक्टरची भूमिका करणारा त्याचा मित्र जॉन पर्ट्वी याने १९७४ मध्ये मालिका सोडली, त्याच्या कारणांपैकी हा आघात एक होता.

नट बदलला तरी पात्र टिकावे, यासाठी नायकाच्या बाबतीत ‘कायापालटा’ची युक्ती १९६६ पासूनच हाताशी होती. खलनायकाची जागा मात्र तीन वर्षे रिकामीच राहिली. ‘द डेडली असॅसिन’मध्ये (१९७६) पीटर प्रॅट याने साकारलेला मास्टर परतला तो सडत चाललेल्या देहाने, शिष्टपणाचा लवलेशही न उरता. पुढे ‘द कीपर ऑफ ट्राकेन’मध्ये (१९८१) त्याने दुसऱ्याचा देह बळकावला व १९८९ पर्यंत ही भूमिका अँथनी एन्ली याच्याकडे राहिली. एन्लीची वेशभूषा देलगादोच्या वळणाची होती. स्नेहाचा धागा मात्र बराच क्षीण झाला.

१९९६ च्या दूरचित्रवाणीपटात एरिक रॉबर्ट्सने ही भूमिका केली. २००५ मध्ये पुनरुज्जीवित झालेल्या मालिकेत डेरेक जेकोबी व जॉन सिम (२००७) यांनी ती केली. सिमचा मास्टर तर ब्रिटनचा पंतप्रधानच होतो. २०१४ मध्ये मिशेल गोमेझच्या रूपाने हे पात्र स्त्री झाले. ‘द डॉक्टर फॉल्स’मध्ये (२०१७) ती डॉक्टरच्या बाजूने उभी राहण्याचे ठरविते आणि स्वतःच्याच पूर्वरूपाकडून मारली जाते, देलगादोसाठी योजिलेला शेवट चार दशकांनंतर असा निराळ्या रूपाने पडद्यावर आला. २०२० ते २०२२ या काळातील मास्टर सॅशा धवन हा भारतीय वंशाचा नट होय. मालिकेच्या जन्मकथेवरील ‘अ‍ॅन अ‍ॅडव्हेंचर इन स्पेस अँड टाइम’ (२०१३) या दूरचित्रवाणीपटात त्याने वारिस हुसेनचे काम केले होते. लखनौत जन्मलेला हुसेन हा १९६३ मधील पहिल्या कथेचा दिग्दर्शक होता.