परस आणि बाग : महाराष्ट्रातील घराभोवतीच्या झाडांचा इतिहास

महाराष्ट्रातील घराभोवतीच्या झाडांचा इतिहास शोधताना राजेरजवाड्यांच्या बागांपेक्षा परसाकडे आधी वळावे लागते. शनिवारवाड्यातील कारंजी किंवा पेशवाईतील हिराबाग आणि सारसबाग यांची आठवण दप्तरांतून व चित्रांतून टिकली, पण मागल्या दारी वाढलेल्या अळवा-केळीची नोंद ठेवावी असे फारसे कोणाला वाटले नाही. परस म्हणजे घराच्या पाठीमागची, विहीर, न्हाणी आणि गोठा यांना लागून असलेली मोकळी जागा. तिची मांडणी शोभेसाठी नव्हे, तर पाण्यासाठी झालेली असे, आणि हेच सूत्र धरले की तिथे कोणते झाड कुठे लागत असे याचा उलगडा होतो.

कोकणातील परसात हे सर्वांत स्पष्ट दिसते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत तिथे अतोनात पाऊस पडतो, मात्र सच्छिद्र जांभ्या दगडातून तो झिरपून जातो आणि उन्हाळ्यात विहिरीचा प्रत्येक पोहरा मोलाचा ठरतो. त्यामुळे एकदा वापरलेले पाणी वाया घालवणे कोणाला परवडत नसे. न्हाणीच्या मोरीतून बाहेर पडणारे सांडपाणी प्रथम अळवाच्या आणि कर्दळीच्या वाफ्यात जाई, कारण ही दोन्ही झाडे सतत ओल्या, चिखलट जमिनीत तग धरतात. तिथून ते केळीच्या आळ्यात उतरे आणि मग दांडाने पुढच्या माडापर्यंत पोहोचे. या ओलीच्या कडेला, जिथे मुळांना दमटपणा मिळतो पण पाणी साचत नाही, तिथे कढीपत्ता आणि गवती चहा लावलेला असे. बेताच्या पाण्यावर भागणारा अडुळसा आणखी दूर जाई, आणि हद्दीवर बकुळ, फणस, रातांबा, क्वचित सुरंगी अशी झाडे उभी राहत, ज्यांना एकदा मुळे धरल्यावर पावसाखेरीज काही लागत नाही. अंगणातील तुळशीवृंदावनाच्या आसपास फुलणाऱ्या अबोलीला आणि जाई-जुईला तेवढे हाताने पाणी घातले जाई. जांभ्याच्या गडग्यावर किंवा काटेरी वईवर करवंद व चिल्हार चढत, आणि गुरांना आवर घालण्याचे काम त्यांच्या काट्यांवर सोपवलेले असे. देशावरील वाड्यांत जागा आखूड आणि पाऊस थोडा असल्यामुळे ही मांडणी मागच्या चौकापुरती आटोपशीर होई, परंतु न्हाणीचे पाणी आणि केळ यांचा संबंध तिथेही सुटला नाही.

ही सगळी झाडे देशी होती, असा समज मात्र खरा नाही. देशी वनस्पती म्हणजे माणसाने आणून न लावता एखाद्या प्रदेशात निसर्गतः वाढत आलेली वनस्पती, आणि या व्याख्येनुसार बकुळ, करवंद, रातांबा किंवा सुरंगी निःसंशय सह्याद्रीच्या परिसरातील ठरतात. उलट पोफळ आणि पानवेल आग्नेय आशियाकडून आल्या, तर गणपतीच्या पत्रीत मान मिळवलेले डाळिंब मूळचे इराणकडचे. १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात गेल्यानंतर अमेरिका खंडातील झाडांना या किनाऱ्यावर वाट मिळाली, आणि काजू, पेरू, अननस, मिरची यांच्याबरोबर परदेशातून आलेला झेंडूही असा काही रुळला की आज दसऱ्याच्या तोरणाची कल्पना त्याच्याशिवाय करता येत नाही. परसाने पाहुण्यांना मज्जाव केला नाही, हे खरेच आहे. पण त्यांना जागा मिळाली ती परसाच्या अटींवर. त्यांनी खायला, औषधाला किंवा पूजेला उपयोगी पडावे आणि पाण्याची घडी विस्कटू नये, एवढीच अपेक्षा होती.

ही घडी विस्कटली ती एकोणिसाव्या शतकात, आणि त्याला कारण झाला लष्करी छावण्यांतील बंगला. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर पुण्यात जी इंग्रजी वस्ती उभी राहिली, तिथे झाडांची जागा घराच्या मागून पुढे आली. आता ती येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेसाठी लावली जाऊ लागली. पुण्याजवळच्या दापोडीला, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या निवासस्थानालगत, १८२८ मध्ये सरकारी वनस्पती उद्यान सुरू झाले. तिथे सरकारी दवाखान्यांसाठी औषधी वनस्पती वाढवल्या जात आणि बाहेरदेशीच्या झाडांची लागवड करून पाहिली जाई. १८३८ पासून या उद्यानाची देखरेख करणारे अलेक्झांडर गिब्सन यांच्या काळात, १८४७ ते १८५० च्या दरम्यान, एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराने तेथील वनस्पतींची चित्रे काढली. ती आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जतन केलेली आहेत, मात्र ज्याच्या हातून ती उतरली त्याचे नाव कोणी नोंदवून ठेवले नाही. याच गिब्सन यांनी निकोल डॅल्झेल यांच्यासह १८६१ मध्ये मुंबई इलाख्यातील वनस्पतींची सूची ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. सह्याद्रीतील झाडांचा शास्त्रीय अभ्यास आणि घराभोवतीच्या बागेतून त्यांचे मागे पडणे या दोन्ही गोष्टी एकाच काळात आणि बऱ्याच अंशी एकाच वर्तुळात घडल्या, ही या इतिहासातील सर्वांत खेदाची बाब आहे.

त्या वर्तुळाच्या आवडीनिवडीचे परिणाम अजून सरलेले नाहीत. मादागास्करचा गुलमोहर आणि दक्षिण अमेरिकेची बोगनवेल शोभेपुरती राहिली, परंतु अमेरिकेतून शोभेचे झुडूप आणि कुंपण म्हणून आलेली घाणेरी पक्ष्यांनी खाल्लेल्या फळांतून रानात पसरली आणि अनेक डोंगरउतारांवर तिने गवत व कोवळी रोपे दडपून टाकली. अशा वनस्पतींना आक्रमक म्हणतात, म्हणजे परक्या भूमीत माणसाच्या मदतीशिवाय पसरून मूळच्या वनस्पतींची जागा बळकावणाऱ्या. हिरवळीचा प्रश्न वेगळाच होता. वर्षाकाठी साधारण ७०० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतांशी चार महिन्यांत, पडणाऱ्या पुण्यात बारमाही हिरवळ राखायची तर रोज पाणी शिंपावे लागते, आणि खडकवासल्याचे धरण व त्याचा कालवा झाल्यावर ते पाणी छावणीकडे आले. परसात वापरलेले पाणी झाडाकडे जात असे. बंगल्याच्या बागेसाठी नवे पाणी आणावे लागले.

विसाव्या शतकात दादर किंवा डेक्कन जिमखान्यासारख्या नव्या वसाहतींत मध्यमवर्गीयांनी पुढे बंगल्याची बाग आणि मागे परस, असे दोन्ही काही काळ जपले. पुढे फ्लॅटच्या इमारती आल्या, सांडपाणी बंद नळांतून गटारात गेले आणि परस संपले. उरला तो कुंडीतला कढीपत्ता. तो क्षुल्लक मानू नये. कढीपत्ता लिंबाच्या कुळातील असल्यामुळे त्या कुळावर वाढणारी फुलपाखरे चौथ्या मजल्यावरील कुंडीही शोधून काढतात आणि कोवळ्या पानांवर एकेक अंडे घालतात. त्यातून निघणारी लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी दिसते, त्यामुळे तिच्याकडे भक्षकांचे लक्ष जात नाही. मोठी झाली की ती हिरवी होऊन पानात मिसळून जाते. पाने कुरतडलेली दिसताच औषध फवारले, तर हे सारे तिथेच थांबते.

अलीकडे देशी झाडांची बाग करण्याकडे जो ओढा दिसतो, त्याच्या मुळाशी झाडांवर अशी जीवसृष्टी अवलंबून असते ही जाणीव आहे; परंतु केवळ झाडांची यादी बदलून परस परत येत नाही. ताम्हण ओढ्याकाठचे झाड आहे, ते कोरड्या मुरमात लावून भागत नाही. सीतेचा अशोक सावली आणि ओल मागतो. रानजाईची, म्हणजे कुसराची, वेल आधाराला झाड असेल तरच मोकळी वाढते. रोपे मिळवणेही सोपे नाही, कारण जांभळासारख्या झाडांचे बी फळ पिकल्यावर थोड्याच आठवड्यांत रुजण्याची शक्ती गमावते. ते पाकिटात भरून वर्षभर विकता येत नाही. फळे गळतात त्याच पहिल्या पावसात पेरावे लागते, आणि त्यासाठी रोपवाटिकेतील माणसाला आपल्या भागातील कोणते झाड कधी पिकते हे स्वतः हिंडून माहीत करून घ्यावे लागते.