तंबाखूच्या मळ्यातली उतरंड

परवा वस्तीतल्या अभ्यासवर्गात एका पोरानं सरळ सवाल टाकला. "काळा गुलाम होता हे खरं, पण गोरा मजूर तरी कुठं सुखात होता? मग दोघं मिळून मालकाला का नाही भिडले?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. घरी आलो तरी सवाल पाठ सोडेना. जोतिरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना. १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी पँथर हे नाव तिथूनच उचललं. पण ती गुलामी घडली कशी, याचा हिशेब आपल्यातले कितीजण मांडतात? म्हणून हे लिहितोय.

व्हर्जिनियापासून सुरू करू. १६०७ साली इंग्रजांनी तिथं जेम्सटाउन वसवलं. जमीन पॉव्हॅटन लोकांची, ती बंदुकीच्या जोरावर बळकावली. धंदा तंबाखूचा. तंबाखूला राबणारे हात लागतात. ते आणले इंग्लंडातल्या कंगालांचे. जहाजाचं भाडं खिशात नाही, मग करारावर अंगठा उठवायचा आणि चार ते सात वर्षं मळ्यात राबायचं. आपला सालगडी डोळ्यांपुढं आणा. फरक एवढाच की इथं साल एक नव्हे, आणि मालक मधेच तो करार माणसासकट दुसऱ्याला विकू शके. लग्नाला मालकाची परवानगी. पळाला तर फटके, वर मुदतवाढ. कितीतरी जण मुदत संपायच्या आतच रोगराईनं मेले. मालकाचं काय गेलं? १६१८ पासूनचा नियम असा, की जो भाडं भरून माणूस आणील त्याला माणशी ५० एकर जमीन. राबणारा मातीत गेला तरी माती मालकाचीच.

उत्तरेला मॅसॅच्युसेट्समध्ये देवभोळ्या प्युरिटनांचं राज्य. तिथं १६५१ साली कायदा झाला : ज्याची मालमत्ता २०० पौंडांच्या आत, त्यानं सोन्या-चांदीची लेस आणि बटणं वापरायची नाहीत. गरिबानं पायरी सोडून नटायचं नाही. हे वाचताना मला आपल्या आज्या-पणज्या आठवल्या. अंगावर काय घालायचं हे गाव ठरवायचं.

आता काळा माणूस. ऑगस्ट १६१९ मध्ये वीस-एक आफ्रिकी माणसं व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर आणली आणि धान्यसामग्रीच्या बदल्यात विकली. पण तिथं गुलामीचा कायदा तेव्हा लिहिलेला नव्हता. १६२१ मध्ये आलेला अँथनी जॉन्सन पुढं मोकळा झाला, १६५१ मध्ये त्याला २५० एकर जमीन मिळाली. लपवायचं कशाला, त्यानं स्वतःही एक काळा माणूस गुलाम म्हणून ठेवला होता. म्हंजे रंगाची भिंत अजून पुरती उभी नव्हती.

ती एकेक वीट रचून उभी केली. १६४० साली तीन नोकर मिळून पळाले : एक डच, एक स्कॉच आणि जॉन पंच नावाचा काळा. तिघंही मेरीलँडात पकडले गेले. फटके तिघांना सारखेच, तीस-तीस. पुढची शिक्षा मात्र वेगळी. दोघा गोऱ्यांना चार वर्षं जादा, जॉन पंचला जन्मभर. गुन्हा एक, कोर्ट एक, माप दोन.

१६६२ चा कायदा : पोराची गत आईप्रमाणं. इंग्रजांच्या रिवाजात पोर बापाचं. इथं उलटं केलं, कारण मालकानं गुलाम बाईवर हात टाकला तर होणारं पोर त्याच्याच मालमत्तेत जमा व्हावं. १६६७ चा कायदा : बाप्तिस्मा घेतला तरी गुलाम गुलामच. देवाच्या दारातूनही सुटका नाही.

आणि तरी दोघं एकत्र आले! पोराच्या सवालाचं अर्धं उत्तर इथं आहे. मुदत संपलेल्या गोऱ्यांना चांगली जमीन उरली नव्हती. ती बड्या मळेवाल्यांनी आधीच गिळलेली. १६७० मध्ये भूमिहीनांचा मतदानाचा हक्कही काढला. १६७६ साली नॅथॅनियल बेकन यानं गव्हर्नरविरुद्ध बंड उभारलं. बेकनला आपला हिरो करू नका. तो स्वतः मळेवाला, आणि त्याची तलवार आधी चालली ती तिथल्या मूळ रहिवाशांवर. पण त्यानं नोकरांना आणि गुलामांना मुक्तीचं वचन दिलं आणि काळे-गोरे एकत्र शस्त्र घेऊन निघाले. सप्टेंबरात जेम्सटाउन जाळलं. बेकन ऑक्टोबरात आजारानं मेला. तरी शेवटी हत्यार खाली ठेवायला जे तयार नव्हते त्यांत ८० काळे आणि २० गोरे होते. त्यांना गोड बोलून नावेत घेतलं, तोफा रोखल्या आणि मालकांच्या हवाली केलं.

मालकवर्ग हादरला. पुढं इंग्लंडातून येणारे मजूर घटले, गुलामांची जहाजं वाढली. पैशाचं गणितही गुलामीकडं झुकत होतं. त्याला कायद्याची जोड दिली. १६८० मध्ये काळ्यांना हत्यारबंदी. काळ्यानं ख्रिश्चनावर हात उगारला तर तीस फटके. १६९१ मध्ये गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला बंदी. केलं तर गोऱ्याला हद्दपारी. मग १७०५ ची मोठी संहिता. गोऱ्या ख्रिश्चन नोकराला कोर्टाच्या हुकमाशिवाय उघडं करून चाबूक मारायचा नाही. मुदत संपली की पुरुषाला १० बुशेल मका, ३० शिलिंग आणि एक बंदूक. आणि गुलामांनी पोटाला चिमटा घेऊन पाळलेली घोडी, गुरं, डुकरं? ती चर्चच्या कारभाऱ्यांनी जप्त करून विकायची आणि पैसा गावातल्या गरिबांना वाटायचा. गुलामाला मात्र त्यातली फुटकी कवडी नाही!

मित्रांनो, इथं क्षणभर थांबा. मळेवाल्यानं स्वतःची एकर जमीन सोडली नाही. गुलामाचं डुक्कर विकून गरीब गोऱ्याला पुण्य वाटलं. गरीब गोरा गरीबच राहिला, पण त्याच्या पायाखाली आता कुणीतरी होतं. बाबासाहेब याला श्रेणीबद्ध विषमता म्हणायचे, जातीच्या संदर्भात. जात आणि वर्ण एकच नव्हेत, पण पायरीची लालूच दोन्हीकडं ओळखीची आहे.

पुढच्या वर्गात त्या पोराला सांगणार आहे : भिडले होते रे. म्हणून तर एवढे कायदे करावे लागले. आणि मग मीच त्याला सवाल टाकणार, आपल्या वस्तीतल्या पोटजातींना आज कुणाचं डुक्कर विकून काय वाटलं जातंय?