‘लिहाफ’चा खटला आणि आपली घरं

लिहाफ म्हणजे रजई. या नावाची इस्मत चुगताई यांची उर्दू कथा १९४२ साली ‘अदब-ए-लतीफ’ मासिकात आली आणि पुढे तिच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. इस्मतआपा तेव्हा मुंबईत राहत. समन्स आलं तेव्हा त्यांची मुलगी जेमतेम दोन महिन्यांची होती. सुनावणीसाठी लाहोरला जावं लागलं. ‘बू’ या कथेसाठी सआदत हसन मंटोही तिथे आरोपी होते.

कथेतला अश्लील शब्द कोणता, हे साक्षीदारांना सांगता येईना. एकाने ‘आशिक’ या शब्दावर बोट ठेवलं. हा शब्द तर नातमध्येही येतो, असं वकिलाने दाखवून दिलं. आरोप टिकला नाही.

बेगम जान आणि तिची मोलकरीण रब्बो यांच्या संबंधांवर पुष्कळ लिहिलं गेलं. मला त्याआधीचा मजकूर जास्त महत्त्वाचा वाटतो. गरीब घरची ही मुलगी वयस्क नवाबाला का दिली? तर तो हाजी होता आणि त्याच्याकडे कधी नाचगाणं करणारी बाई दिसली नव्हती. एवढ्यावर रिश्ता ‘शरीफ’ ठरला. नवाबाचा ओढा तरुण मुलांकडे होता. निकाहनंतर तो आपल्या बैठकीत रमला आणि बेगम जनानखान्यात झुरत राहिली.

कोर्टाने शब्द तपासले. तो रिश्ता जुळवणाऱ्यांना कुणी काही विचारलं नाही.

कथेमागची खरी बेगम पुढे भेटल्याचं आपांनी आत्मकथनात लिहिलं आहे. नवाबापासून तलाक घेऊन तिने दुसरा निकाह केला होता, तिला मुलगाही झाला होता. निकाह हा करार आहे आणि त्यातून बाहेर पडायची वाट बाईलाही आहे. ती तिने धरली. तिला समलिंगी म्हणावं, उभयलिंगी म्हणावं की आणखी काही, हे आपण परस्पर ठरवू नये.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात अशा विवाहांना मात्र मान्यता मिळाली नाही. आलिमांचं याबाबतचं मत सर्वांना ठाऊक आहे, त्यावर वाद होत राहतील. पण ‘लग्न लावून द्या, सुधारेल’ असं म्हणत दुसऱ्याची लेक घरात आणणं कोणत्या शरीफपणात बसतं? आपल्याकडे निकाहच्या वेळी मुलीला तीनदा विचारतात, कबूल आहे का? जिच्यापासून सगळंच लपवलं, तिची कबुली कसली?