मुळशीचे धरण आणि मुंबईचे नाले

मुळशी तालुक्याला मुसळधार पाऊस नवा नाही. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीला चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. घाटमाथ्यावरचे पाणी उतारावरून ओढ्यांत, ओढ्यांतून नदीत आणि पुढे धरणात जाते. याच्या निम्मा पाऊस मुंबईत पडला तरी लोकलगाड्या थांबतात. मुंबईतून पाणी बाहेर का पडत नाही, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

जुनी मुंबई म्हणजे सात बेटे. भरतीचे पाणी वरळीजवळच्या खिंडीतून आत पार भायखळ्याच्या बाजूपर्यंत शिरे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबी वेलार्ड नावाचा बांध घालून ही खिंड बुजवली. समुद्र थांबला, पण मागची जमीन सखलच राहिली. तिच्यावर पडणारा पाऊस समुद्रातच जायचा, आणि भरती असेल तेव्हा समुद्राची पातळी नाल्याच्या तोंडाहून वर! मग नाल्यातून पाणी बाहेर जाण्याऐवजी उलट आत येऊ लागते.

इंग्रजांच्या काळातील नाले तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून आखले होते. त्यातला निम्मा जमिनीत मुरेल, निम्मा वाहील, असा हिशेब होता. यावरून त्या अभियंत्यांना हसण्याचे कारण नाही. तेव्हा वाड्या, शेते, मिठागरे, तलाव बरेच होते. पुढे तलाव बुजले, जमिनीवर डांबर आणि सिमेंट आले. नाले मात्र तेच राहिले.

१९९३ साली ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने सुचवले की तासाला ५० मिलिमीटर पाऊस धरा आणि तो सगळा वाहील असे माना. ऐकायला ही दुप्पट वाटते. वर्गात हा हिशेब जरूर करून घ्यावा. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. जुन्या हिशेबाने तिथून तासाला १२५ घनमीटर पाणी वाहील, नव्याने ५००. म्हणजे चौपट!

अहवाल बराच काळ पडून राहिला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एका तासात तर सुमारे १९० मिलिमीटर. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर. दुपारी समुद्राला मोठी भरती होती. मिठी नदी फुगली, शेकडो माणसे दगावली. त्यानंतर कामाला वेग आला. समुद्राकाठी पाणी उपसणारी आठ पंपकेंद्रे ठरली होती, त्यांतली सहा २०१९ पर्यंत उभी राहिली. पण नीट पाहिले तर १९० पुढे ५० हा आकडाही तोकडाच आहे.

इथे पुन्हा मुळशीकडे वळू. पाणी लगेच बाहेर काढता येत नसेल तर काही काळ साठवायचे, हा दुसरा मार्ग. मुळशीचे धरण नेमके साठवण्यासाठीच बांधले, तेही मुंबईच्या विजेसाठी. त्याचे पाणी सह्याद्रीच्या पायथ्याशी भिऱ्याला सोडून १९२७ पासून वीज तयार होते. त्यासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या. १९२१ मध्ये सुरू झालेला, सेनापती बापटांच्या नेतृत्वाखालचा मुळशी सत्याग्रह त्यासाठीच होता. साठवायला जागा लागते आणि ती कोणाची तरी असते, हे मुळशीकरांना वेगळे सांगायला नको.

मुंबईत मोकळी जागा उरली नाही, म्हणून टाक्या जमिनीखाली गेल्या. दरवर्षी तुंबणाऱ्या हिंदमाता परिसरासाठी २०२१ पासून दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या बांधण्यात आल्या. रस्त्यावरचे पाणी पंपाने तिथे न्यायचे आणि ओहोटी लागली की समुद्राकडे सोडायचे. भरतीनंतर ओहोटी यायला साधारण सहा तास लागतात. तोवर टाकीने दम धरायचा. धरण काय, टाकी काय, पाऊस सुरू होताना रिकामी असेल तरच उपयोगाची. ऑगस्टमध्ये भरलेल्या मुळशी धरणाचे दरवाजे उघडले की खाली मुळेला पाणी वाढते. भरतीच्या वेळीच पावसाची दुसरी मोठी सर आली, तर टाकी भरल्यावर हिंदमाताचे पाणी पुन्हा रस्त्यावरच राहते.