रोखीचा साहेब

फोर्टातल्या दादाभाई नौरोजी मार्गावरच्या खादी भांडारात मी प्रथम सदऱ्याचे कापड घ्यायला गेलो, तेव्हा माझे लक्ष कापडापेक्षा वास्तूकडेच अधिक होते. खादीला हा साहेबी थाट कुणी दिला? चौकशीअंती कळले, की हे घर मुळात ‘व्हाइटअवे लेडलॉ’चे. रस्ताही तेव्हा हॉर्नबी रोड होता.

रॉबर्ट लेडलॉ या स्कॉटिश गृहस्थाने १८८२ साली कलकत्त्यात हा व्यापार सुरू केला. पुढे मुंबई, मद्रास, लाहोर, रंगून, सिंगापूर, थेट शांघायपर्यंत शाखा पसरल्या. त्या काळी साहेबमंडळी दुकानात चिठ्ठीवर सही करीत आणि पैसे सवडीने देत. बुडव्यांचा भार अर्थातच किमतीत मिसळे. लेडलॉने उधारीच बंद केली. माल स्वस्त झाला आणि कारकून, रेल्वेतला नोकर, पाद्री असे बेताच्या पगाराचे गोरे गिऱ्हाईक त्याच्याकडे वळले. लोकांनी नावाचीच थट्टा केली : ‘राइटअवे अँड पेडफॉर’. म्हणजे घ्या ताबडतोब, पण पैसे मोजून!

चौरंगीवरची त्याची घुमटांची भव्य इमारत १९०५ ची. त्याच वर्षी, ७ ऑगस्टला, कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये विलायती मालावरील बहिष्काराचा ठराव झाला. योगायोग असा, की हा विलायती दुकानदार अफूच्या व्यापाराचा कडवा विरोधक होता. १९०६ ते १९१० तो पार्लमेंटात होता, आणि १९०९ च्या शांघायच्या अफू आयोगावर ब्रिटनचा प्रतिनिधी म्हणून गेला होता. माणसे एका रंगात रंगवता येत नाहीत, हेच खरे.

माझ्या पणजोबांनीही त्या स्वदेशीच्या लाटेत गावी देशी कापडाचे दुकान घातले होते. सभेत टाळ्या देणारे सारे गिऱ्हाईक झाले. वहीत नावे मात्र वाढत गेली. ओळखीच्या माणसाकडे पैसे कसे मागायचे? दुकान पाच वर्षांत उठले. ती लाल बासनातली चोपडी आजी दर लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडी. आम्ही मुले तिच्यावर हळदकुंकू वाही. आतल्या नावांतली निम्मी माणसे आमच्या पंगतीला जेवून जात.

स्वातंत्र्यानंतर हॉर्नबी रोडवरच्या त्या घरात खादी आली. मी भीतभीत भाव कमी होईल का, असे विचारले. विक्रेत्याने मान हलवली आणि पावती फाडली. मी निमूट पैसे मोजले.