अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीचे विद्यादान

ठाण्याची खाडी ओलांडून आगगाडी १८५४ साली कल्याणास पोहोचली, तेव्हा कळवा हे वाटेवरचे एक खेडे होते. पुढे दहा वर्षांनी, १८६४ साली, कल्याणास सार्वजनिक वाचनालय निघाले. आणि १८९३ साली ठाण्यास विनायक लक्ष्मण भावे व विष्णु भास्कर पटवर्धन यांनी मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापिले. भाव्यांचे वय त्या वेळी अवघे एकवीस वर्षांचे होते. पुढे ज्यांच्या हातून ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहून व्हावयाचे होते, त्यांनी आधी मराठी पुस्तकांस हक्काचे घर मिळवून दिले, हे यथायोग्यच झाले. पाच वर्षांनी मुंबईनेही तोच कित्ता गिरविला.

परंतु पुस्तके जमविणे हे एक कार्य, आणि ज्यास अक्षरओळख नाही त्याच्या हाती ती पोहोचविणे हे अगदी निराळे. पहिल्यास उत्साह लागतो, तो तरुणांपाशी असतो. दुसऱ्यास लागते ती चिकाटी, आणि फळ लवकर न दिसले तरी न कंटाळण्याची सवय. ही सवय उतारवयातच अधिक आढळते, असे आमचे मत आहे. आणि या मताचा सर्वांत मोठा आधार म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध होय.

कर्वे म्हटले म्हणजे हिंगणे आणि महिला विद्यापीठ, एवढेच सामान्यतः आपणांस आठवते. १८९६ सालचा अनाथ बालिकाश्रम, १९१६ सालचे विद्यापीठ, त्यास मिळालेली ठाकरसी यांची १५ लक्ष रुपयांची देणगी, निधीसाठी केलेले परदेशप्रवास: एवढ्यावर कोणत्याही माणसाने कृतार्थतेने स्वस्थ बसावे. अण्णांनी काय केले? १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. जेथे जिल्हा लोकल बोर्डाची शाळा पोहोचली नव्हती, अशा खेड्यांतून प्राथमिक शाळा चालवावयाच्या, हा त्याचा हेतू. विद्यापीठाच्या संस्थापकाने बाराखडीकडे वळावे, याचे पुष्कळांस नवल वाटले असेल. आम्हां इंग्रजी शिकलेल्या मंडळींच्या मनात विद्येची एक उतरंड पक्की बसलेली असते. महाविद्यालय वर आणि गावची शाळा तळाशी. व्याख्यानास आम्ही आनंदाने जातो. पाटीवर ‘ग’ गिरवून घेण्यास मात्र आम्हांस वेळ सापडत नाही. अण्णांच्या मनात ही उतरंडच नव्हती. ते लहान लहान वर्गण्यांसाठी घरोघर हिंडले. मोठी देणगी मिळविण्याची हातोटी ज्यास साधली होती, त्याने थोड्या पैशांसाठी जिने चढावेत, यात त्यांचा सारा स्वभाव दिसतो.

या उद्योगाची मुळे त्यांच्या बालपणात आहेत. मुरुडास असताना सोमण गुरुजींच्या प्रेरणेने हा मुलगा दुर्गादेवीच्या देवळात गावकऱ्यांस वर्तमानपत्र वाचून दाखवीत असे. ऐकणारे वयाने वडील, वाचणारा पोर! पुढे १८७५ साली तो परीक्षेसाठी मुरुडाहून साताऱ्यास पायी गेला, आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्यास परत पाठविण्यात आले. विद्येसाठी किती चालावे लागते, हे ज्याच्या पायांनी मोजले होते, त्याने शाळाच गावापर्यंत नेण्याचे मनावर घेतले, यात नवल ते काय?

आणखी एक गोष्ट त्यांनी ओळखली होती. शाळा सुटल्यावर खेड्यातील प्रौढांचे वाचन चालू राहावे, याकडेही त्यांचे लक्ष असे. पुढच्या साक्षरता-प्रसाराचा नेमका हाच दुबळा भाग ठरला. १९५९ साली सातारा जिल्ह्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेने गावेच्या गावे साक्षर केली; ते कार्य मोठेच होते. तथापि शिकलेल्याच्या हाती वाचावयास काही नसेल, तर अक्षरे हळूहळू पुसट होत जातात, आणि तोच माणूस पुन्हा अंगठा पुढे करतो. जुन्या पुस्तकांचे मोल येथे आहे.

ठाणे जिल्ह्यातच मुरबाड तालुक्यात फांगणे या गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा निघाली. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक योगेंद्र बांगर यांचा त्यात पुढाकार. साठीच्या पुढच्या, काही तर नव्वदीच्या घरातील स्त्रिया गुलाबी लुगडी नेसून पाटी घेऊन बसल्या. ज्या वयात शिकण्याची लाज वाटावी असे जग म्हणते, त्या वयात त्या शिकल्या. मग त्याच वयात शिकविण्याचा संकोच निवृत्त गृहस्थांस का वाटावा?

१९८२ साली ठाणे महानगरपालिकेत आलेला कळवा आता खेडे राहिलेला नाही. येथे निवृत्तिवेतनावर सुखाने राहणारी कुटुंबे आहेत, आणि कामासाठी दूरदूरच्या गावांहून आलेली माणसेही आहेत. पहिल्यांच्या कपाटातील पुस्तके बहुधा रद्दीच्या तागडीत जातात. ती दुसऱ्यांकडे जावीत हे खरे. मात्र निवड न करता गठ्ठा देणे हे दान नव्हे, घर झाडणे होय. जुनी क्रमिक पुस्तके, कालबाह्य कायदे, पाने गळालेल्या कादंबऱ्या नवशिक्याच्या काय कामाच्या? त्यास ठळक टाइप हवा, लहान वाक्ये हवीत, ओळखीची गोष्ट हवी. आणि जोडाक्षराशी तो अडला म्हणजे घाई न करता थांबणारे कोणी वडीलधारे माणूस निदान पहिले काही महिने त्याच्या शेजारी बसलेले हवे.