साध्या सौजन्याचें औषध

माणसाचें मन बिघडलें असतां तें पुन्हां ठिकाणावर आणण्यास काय लागतें, या प्रश्नाचें उत्तर वैद्यकानें निरनिराळ्या काळीं निरनिराळें दिलें आहे. रक्त काढणें, रेच देणें, थंड पाण्यांत बुडविणें, अंधारांत कोंडणें, हे सर्व उपाय अठराव्या शतकांतील युरोपांत शास्त्रसंमत मानले जात. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज यास 1788 सालीं भ्रम झाला, तेव्हां त्यालाही जखडून ठेवण्यांत आलें. मग गरिबाची कथा काय! लंडनच्या बेथलेम इस्पितळांत 1770 पर्यंत लोक केवळ मौज म्हणून वेडे पाहावयास जात. या सर्वांच्या मुळाशीं एकच समजूत होती. ज्याची बुद्धि गेली त्याचें माणूसपणही गेलें, आणि पशूला जशी वेसण तसेंच याला भय, ही ती समजूत. ती ज्यांनीं प्रथम खोटी ठरविली त्यांत वैद्यकाची पदवी नसलेलीं माणसें पुढें होतीं, ही गोष्ट आम्हांस विशेष विचार करण्यासारखी वाटते.

मार्च 1790 मध्यें क्वेकर पंथाची हॅना मिल्स नांवाची एक विधवा यॉर्क येथील वेड्यांच्या इस्पितळांत दाखल झाली. तिचे आप्त दूर राहत, म्हणून त्यांनीं यॉर्कमधील आपल्या पंथबांधवांस तिचा समाचार घेण्याविषयीं विनविलें. परंतु इस्पितळानें भेट नाकारली, आणि एप्रिल संपण्यापूर्वींच ती मरण पावली. त्या भिंतींआड काय घडलें असेल ही रुखरुख त्या लहानशा पंथास लागून राहिली. त्यांत विल्यम ट्यूक हा चहा-कॉफीचा व्यापारी होता. वयानें तो साठीला टेकला होता, आणि वैद्यकाशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता. आपल्या माणसांसाठीं आपणच एक घर काढावें अशी सूचना त्यानें 1792 सालीं मांडली, वर्गणी जमविली, व 1796 सालीं यॉर्क शहराबाहेर सुमारें तीस रुग्णांची सोय असलेलें तें घर उघडलें. त्यास ‘वेड्यांचें इस्पितळ’ न म्हणतां ‘रिट्रीट’, म्हणजे विसाव्याचें ठिकाण, असें नांव दिलें.

तेथें काय चालत असे, त्याचें वर्णन ट्यूकचा नातू सॅम्युएल यानें 1813 सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. त्यांतील गोष्टी इतक्या साध्या आहेत कीं, त्यांस उपचार म्हणावें कीं नाहीं असा वाचकास संशय यावा. खिडक्यांचे गज लोखंडीच होते, पण ते लांकडी चौकटीसारखे दिसतील असे बसविलेले होते. हेतु हा कीं, राहणाऱ्यास आपण तुरुंगांत आहों असें वाटूं नये. संस्थेचे पहिले वैद्य टॉमस फाउलर यांनीं प्रचलित औषधें प्रामाणिकपणें वापरून पाहिलीं, व त्यांतील बहुतेकांचा उपयोग नाहीं असाच निष्कर्ष काढला. उन्मादांत झोप न येणाऱ्यास अफूपेक्षां रात्रीचें पोटभर जेवण अधिक गुणकारी ठरतें, असें तेथें आढळून आलें. व्यवस्थापक मंडळी स्त्री-रुग्णांस चहाचें आमंत्रण देत. त्या दिवशीं त्या आपलीं चांगलीं वस्त्रें नेसून येत, आणि एकमेकींशीं अदबीनें वागण्यांत जणूं चढाओढ करीत. पाहुणी म्हणून बोलाविलेली व्यक्ति पाहुणीसारखी वागते, यापलीकडे यांत दुसरें गूढ नाहीं.

एकदां धिप्पाड देहाचा एक तरुण साखळदंडांनीं बांधून आणण्यांत आला. येतांच त्याच्या बेड्या काढल्या, आणि व्यवस्थापक जेथें जेवत होते तेथेंच त्यास नेलें. नीट वागलास तर तुला बांधण्याची वेळ येणार नाहीं, असें त्यास सांगितलें. पुढें कधीं त्याचा तोल जाऊं लागला, तर व्यवस्थापक त्याच्याजवळ शांतपणें बसून बोलत राही. सुमारें चार महिन्यांनीं तो बरा होऊन घरीं गेला.

परंतु आमच्या मतें त्या ग्रंथांतील सर्वांत मोलाचा भाग अंगणांतील सशांचा व पक्ष्यांचा आहे. रुग्णांच्या सहवासासाठीं तेथें ससे, कोंबड्या, समुद्रपक्षी असे प्राणी पाळले होते. त्यांच्या संगतीनें रुग्णाच्या मनांतील निजलेली ममता जागी होते, असा सॅम्युएल ट्यूक याचा अनुभव होता. म्हणजे ज्याच्यावर दया करावयाची त्यालाच दया करण्याची संधि तेथें दिली जाई. दुःखी मन स्वतःभोंवतीं फिरत राहतें. दुसऱ्या जिवाला मूठभर दाणे घालतांना तेवढा वेळ तरी तें त्या घिरट्यांतून सुटतें. सौजन्य घेणाऱ्याइतकेंच देणाऱ्यासही औषध होतें, ही गोष्ट यॉर्कच्या त्या अंगणांत दिसून आली.

याच सुमारास पॅरिस येथेंही असेंच घडत होतें. ज्याँ बातीस्त प्युसाँ हा मूळचा चामडें कमावणारा कारागीर. गंडमाळा झाल्यामुळें तो बिसेत्र येथील इस्पितळांत रुग्ण म्हणून आला, बरा झाला, व तेथेंच नोकरीस राहून वेड्यांच्या विभागाचा प्रमुख झाला. नोकरांनीं रुग्णांस मारूं नये असा दंडक त्यानें घातला, आणि 1797 सालीं साखळ्या काढून टाकल्या. प्रख्यात वैद्य पिनेल हा तेथून 1795 मध्येंच दुसऱ्या इस्पितळांत गेला होता. पिनेलनें प्युसाँचें ऋण मान्य केलें. पुढील पिढ्यांनीं मात्र साखळ्या तोडण्याचें श्रेय पिनेलला दिलें, त्याचीं चित्रें काढलीं, आणि प्युसाँ विस्मृतींत गेला.

या कथेची दुसरी बाजू लपविणें इतिहासास शोभणार नाहीं. रिट्रीटमध्येंही भयाचा उपयोग अजीबात सुटला नव्हता, व तेथील मायेंत शिस्तीचा अंकुश होता. साखळी हातांतून काढून मनांत घातली, असा आक्षेप मिशेल फुको यानें 1961 सालीं घेतला. तो सर्वस्वीं निराधार नाहीं. याहून मोठें अपयश पुढें आलें. इंग्लंडांत 1845 च्या कायद्यानें प्रत्येक परगण्यास असें इस्पितळ बांधणें भाग पडलें. लंडनजवळील कोल्नी हॅच येथें 1851 सालीं बाराशेंहून अधिक रुग्णांसाठीं एकच इमारत उभी राहिली. तीस माणसांस नांवानें हांक मारतां येते, बाराशेंची केवळ मोजदाद होते. तत्त्व तेंच राहिलें, पण चहाला बोलावणारें माणूस नाहींसें झालें.

आपल्याकडे ही गोष्ट दूरची मानण्याचें कारण नाहीं. 2001 सालीं तामिळनाडूंतील एरवाडी येथें आग लागली, तेव्हां साखळ्यांनीं बांधलेल्या पंचवीसहून अधिक मनोरुग्णांस पळतां आलें नाहीं. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें रुग्णास कोणत्याही प्रकारें साखळीनें बांधण्यास मनाई केली आहे. आज मनोविकारांवर गुणकारी औषधेंही आहेत, व तीं टाळावीं असें आम्ही मुळींच सुचवीत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, कायदा साखळी काढूं शकतो आणि वैद्य औषध देऊं शकतो. परंतु पंगतीला शेजारीं बसवून घेणें, नांवानें हांक मारणें, एखादें लहानसें काम विश्वासानें हातीं देणें, हें घरच्या माणसांनीं व शेजाऱ्यांनींच करावयाचें असतें. त्यास पदवी लागत नाहीं. चहा विकणाऱ्यास आणि चामडें कमावणाऱ्यास तें साधलें होतें.